रेस्टॉरंटच्या किचनसाठी फ्रिज कसा निवडायचा: लिटरच्या आधी पाहायच्या गोष्टी

फ्रिज घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती लिटरचा हवा?" विकणाराही तेच विचारतो आणि घेणाराही त्याच्यावरच अडून बसतो. खरं तर सुरुवात दुसऱ्याच प्रश्नापासून व्हायला हवी: गर्दीच्या तासाला, सगळे बर्नर पेटलेले असताना, जिथे हा फ्रिज उभा राहणार तिथली हवा किती तापलेली असते आणि त्या तासात त्याचं दार किती वेळा उघडतं? सकाळी थंड, शांत किचनमध्ये कुठलाही फ्रिज ३ अंश दाखवतो. ऐन सर्व्हिसमध्ये, म्हणजे भराभर ऑर्डरी निघत असताना, तो ५ च्या खाली टिकतो का, हे महत्त्वाचं. या लेखातला सगळा हिशेब त्या सर्वांत वाईट तासाला धरून आहे.

५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून फ्रिजातलं अन्न ५ अंश किंवा त्याखाली आणि फ्रीझरमधलं उणे १८ अंशांवर असावं, हा निकष साधारणपणे धरला जातो. लिस्टेरियासारखे काही जिवाणू तर फ्रिजातल्या थंडीतही हळूहळू वाढत राहतात, त्यामुळे "थोडं वर गेलं तरी चालतं" ही सवलत इथे नाही. घरगुती फ्रिज किचनमध्ये का चालत नाही, याचं उत्तरही यातच आहे. घरचा फ्रिज दिवसातून मोजक्या वेळा उघडण्यासाठी बनलेला असतो. त्याचा कॉम्प्रेसर छोटा, पंखा कमजोर, दाराचं बिजागर हलकं. दर दोन मिनिटांनी दार उघडलं की आतली हवा पुन्हा थंड करायला त्याला उसंतच मिळत नाही. बऱ्याच घरगुती फ्रिजची वॉरंटीही व्यावसायिक वापर सुरू झाला की लागू राहत नाही; पैसे वाचवायला म्हणून तो घेण्याआधी वॉरंटीचा कागद नीट वाचा.

१. एक आठवडा माल लिहून काढा

कॅटलॉग उघडण्याआधी वही उघडा. कुठला माल कोणत्या दिवशी येतो, किती येतो, किती दिवस राहतो, हे आठवडाभर लिहा. नवीन जागा असेल तर मेन्यूवरून अंदाज बांधा. यातून चार ढीग वेगळे होतात: कच्चं मांस आणि मासे, दूध-लोणी-चीज, भाज्या-फळं, आणि शिजवून ठेवलेले पदार्थ. पाचवा ढीग फ्रीझरचा.

या ढिगांना एकच तापमान मानवत नाही. मासे शक्यतो ० ते २ अंशांवर हवेत, काही भाज्या आणि फळं मात्र इतक्या थंडीत काळी पडतात. जिथे शक्य असेल तिथे कच्चं मांस-मासे आणि तयार पदार्थ यांना वेगळे फ्रिज द्यावेत. एकाच फ्रिजावर भागवायचं असेल तर कच्चं कायम सर्वांत खाली, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही.

हिशेब सरासरी दिवसाचा धरू नका. डिलिव्हरी आल्यावरच्या पहिल्या रात्रीचा धरा, कारण फ्रिज तेव्हाच सर्वांत भरलेला असतो. तो भरगच्च झाला की हवा फिरत नाही आणि नेमक्या त्याच रात्री मागच्या कोपऱ्यातला माल गरम राहतो. कधी कधी वहीतूनच उत्तर निघतं की मोठा फ्रिज नको, आठवड्यात एक डिलिव्हरी वाढवली की पुरे. हे उत्तर मिळालं तर आनंदाने घ्या.

२. लिटर नको, ट्रे मोजा

व्यावसायिक किचनमध्ये बहुतेक ठिकाणी गॅस्ट्रोनॉर्म (जीएन) या ठरावीक मापाचे ट्रे चालतात. जीएन १/१ म्हणजे ५३० × ३२५ मिमी. त्याच्या दुप्पट जीएन २/१, म्हणजे ६५० × ५३० मिमी. निम्मा १/२, तिसरा हिस्सा १/३, असं ते विभागत जातं. खोली ६५, १००, १५० मिमी अशी ठरलेली असते. फ्रिजाच्या आतलं माप या ट्रेंशी जुळतं की नाही, हे पहिल्यांदा बघा. न जुळणाऱ्या फ्रिजात प्रत्येक कप्प्यावर चार बोटं जागा वाया जाते आणि कामगार ट्रे तिरपे कोंबू लागतात.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. समजा, वहीवरून निघालं की डिलिव्हरीच्या रात्री १०० मिमी खोलीचे १/१ मापाचे २२ ट्रे ठेवायचे आहेत. एका दाराच्या, २/१ मापाच्या उभ्या फ्रिजात एका पातळीवर असे दोन ट्रे बसतात. ट्रेची उंची १०० आणि हवेसाठी वर ५० मिमी, म्हणजे एका पातळीला १५० मिमी. आतली वापरता येणारी उंची १४०० मिमी असेल तर ९ पातळ्या होतात, म्हणजे १८ ट्रे. आपल्याला हवेत २२. हा फ्रिज कॅटलॉगमध्ये ६५० लिटरचा म्हणून छापलेला असतो आणि त्या आकड्यावरून सहज पुरेल असं वाटतं. पण १०० मिमी खोल १/१ ट्रेमध्ये साधारण १३ ते १४ लिटर मावतं, त्यामुळे १८ ट्रे काठोकाठ भरले तरी अन्न २५० लिटरच्या आसपासच. उरलेली जागा हवेला, जाळ्यांना आणि पंख्याच्या पेटीला लागते. म्हणूनच मी लिटरच्या आकड्याकडे शेवटी बघतो.

ट्रेंच्या आकड्यात आणखी पंचवीस टक्के जागा मोकळी ठेवा. सणासुदीची गर्दी, मोठी ऑर्डर, एखादी उशिरा आलेली गाडी या सगळ्याला ती जागा पुरते. त्याहून जास्त मोकळी जागा घेतली तर विनाकारण वीज जळते आणि नको तो माल साठत जातो.

मोठा एक की छोटे दोन, हा प्रश्न इथेच येतो. जागा असेल तर मी छोटे दोनच घेईन. एक बंद पडला तर दुसऱ्यात निदान महागडा आणि नाशवंत माल तरी हलवता येतो. दोन दारांचा एकच फ्रिज असेल तर कॉम्प्रेसर एकच, त्यामुळे बिघडला की दोन्ही बाजू गेल्या.

३. कुठल्या जागी कुठला प्रकार

उभा एक-दोन दारांचा फ्रिज हा किचनचा मुख्य साठा. तो मालाच्या दारापासून जवळ आणि चुलीपासून लांब असावा. काउंटरखालचा फ्रिज स्वयंपाक करणाऱ्याच्या हाताशी, एका सर्व्हिसपुरता माल ठेवायला. चेस्ट फ्रीझरमध्ये थंड हवा वरचं झाकण उघडलं तरी सांडत नाही, त्यामुळे वीज कमी लागते. पण तळाचा माल वर येत नाही आणि महिनोन् महिने तिथेच राहतो. रोज लागणाऱ्या मालासाठी तो नको. माल हातगाडीनेच आत न्यावा लागत असेल, तर वॉक-इन कोल्ड रूमचा विचार करायची वेळ आली असं समजा. बाटल्यांचा काचेचा कूलर पेयांसाठीच ठेवा. बंद पेयं थंड ठेवण्यासाठी बनवलेल्या अशा कूलरला नाशवंत अन्नासाठीचा निकष पाळता येईलच असं नाही. स्वस्त आहे म्हणून त्यात मांस किंवा दूध ठेवण्याची चूक फार होते.

प्रेप टेबल, म्हणजे वर ट्रेंची उघडी रांग आणि खाली फ्रिज, याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. वरची रांग सर्व्हिसभर उघडी असते, त्यामुळे या यंत्राची परीक्षा सर्वांत कडक. अमेरिकेतल्या एनएसएफ/एएनएसआय ७ या मानकात साठवणीचे फ्रिज ३८ अंशांच्या खोलीत तपासतात, पण उघड्या प्रेप टेबलची चाचणी ३० अंशांत होते. म्हणजे ३६ अंशांच्या किचनमध्ये, ग्रिलच्या समोर, त्या वरच्या ट्रेमधला सॉस ५ अंशांवर राहील याची हमी त्या शिक्क्यातही नाही. घ्यायचंच असेल तर वरच्या रांगेला स्वतंत्र थंड हवेचा झोत आहे का ते बघा. झाकण हवंच, आणि गर्दी ओसरली की ते लावण्याची शिस्त हवी. ट्रे स्टीलचे वापरा, प्लास्टिकमधून थंडावा हळू जातो. काठाच्या वर ढीग करून भरू नका. पदार्थ वर ठेवण्याआधी खालच्या फ्रिजात पुरता थंड झालेला असावा. वरची रांग थंडावा टिकवते, गरम पदार्थ थंड करत नाही.

४. गरमीचा वर्ग: दोन आकड्यांची पाटी

फ्रिजाच्या पाठीवर किंवा दाराच्या आत एक छोटी पाटी असते. त्यावर हवामान वर्ग लिहिलेला असतो. युरोपीय मानकांत वर्ग ४ म्हणजे ३० अंश तापमान आणि ५५ टक्के आर्द्रता, वर्ग ५ म्हणजे ४० अंश आणि ४० टक्के. वर्ग ४ चा फ्रिज ३० अंशांसाठी तपासलेला आहे. तुमचं किचन दुपारी ३८ ला जात असेल तर तो तिथे काय करेल, हे त्या पाटीवरून कळत नाही.

अंदाजाने बोलू नका, मोजा. साधा थर्मामीटर घेऊन फ्रिज जिथे ठेवायचा तिथे, सर्वांत गर्दीच्या तासाला तीन उंचींवर वाचन घ्या: गुडघ्याजवळ, छातीजवळ आणि डोक्याच्या वर, फ्रिजचा माथा जिथे येईल तिथे. गरम हवा वर साचते, त्यामुळे खालच्या आणि वरच्या आकड्यात चांगलाच फरक दिसतो. कॉम्प्रेसर माथ्यावर असलेला फ्रिज घेणार असाल तर तुमच्या कामाचा आकडा वरचा.

हा आकडा एवढा का महत्त्वाचा? फ्रिज आतली उष्णता उचलून कंडेन्सरच्या जाळीतून बाहेर फेकतो. बाहेरची हवाच तापलेली असेल तर ती फेकायला कॉम्प्रेसरला जास्त दाब द्यावा लागतो, वीज जास्त लागते आणि तरी थंडावा कमी मिळतो. त्याच वेळी भिंतींमधून आणि दारातून आत येणारी उष्णताही वाढलेली असते. म्हणजे काम वाढलं आणि ताकद घटली, दोन्ही एकदम. किचन ३० अंशांच्या वर जात असेल तर वर्ग ५ च घ्या. दमट जागी आर्द्रतेकडेही लक्ष द्या, कारण दार उघडताच आत शिरणारी वाफ कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांवर, बर्फ होऊन बसते.

५. गरम भांडं थंड करणं फ्रिजचं काम नाही

फ्रिज कितीही चांगला घेतला तरी ज्या एका सवयीने तो हमखास बिघडतो, ती ही: रात्री बंद करताना सूपचं भलंमोठं पातेलं तसंच गरम आत सरकवायचं.

२० लिटर सूप ६० अंशांवरून ५ वर आणायचं आहे. पाण्याच्या हिशेबाने त्यातून सुमारे ४,६०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. फ्रिजची थंड करण्याची ताकद ३०० वॅट धरली आणि त्याने दुसरं काहीही न करता ती सगळी या पातेल्यावर लावली, तरी सव्वाचार तास लागतात. प्रत्यक्षात ताकद भिंतींतून येणाऱ्या उष्णतेवर, दारावर आणि बाकीच्या मालावर खर्च होते. शिवाय खोल पातेल्याच्या मध्यातली उष्णता कडेपर्यंत पोचायलाच फार वेळ घेते. अमेरिकेच्या फूड कोडमधला निकष असा आहे: शिजलेलं अन्न ५७ अंशांवरून २१ वर पहिल्या दोन तासांत यायला हवं, आणि एकूण सहा तासांच्या आत ५ वर. वरच्या आदर्श हिशेबातसुद्धा हा पहिला टप्पा पावणेतीन तासांचा होतो. म्हणजे सूप निकषात बसत नाही, आणि तेवढ्या वेळात शेजारचं दूध आणि मांसही तापतं.

मार्ग दोन आहेत. थोडंच अन्न असेल तर उथळ ट्रेमध्ये, पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त थर न करता ओता, बर्फाच्या पाण्यात बसवून ढवळा आणि थंड झाल्यावर फ्रिजात ठेवा. रोज मोठ्या प्रमाणात शिजवून ठेवायचं असेल तर ब्लास्ट चिलर, म्हणजे गरम अन्न झटपट थंड करणारं यंत्र, घ्या. अन्न ७० अंशांवरून ३ वर ९० मिनिटांत आणणं, हे त्याचं नेहमीचं मोजमाप. मेन्यू असा असेल तर मी मोठ्या फ्रिजचे पैसे थोडे कमी करून छोटा ब्लास्ट चिलर घ्यायला सांगेन. त्याने फ्रिजचं आयुष्यही वाढतं.

६. आतली यंत्रणा

पंख्याने हवा फिरवणारा फ्रिज आणि पंख्याशिवाय कॉइलने थंड होणारा, असे दोन प्रकार आहेत. भरभर उघडझाप होणाऱ्या किचनला पंख्याचाच हवा. वरच्या आणि खालच्या कप्प्यात तापमान सारखं राहतं आणि दार बंद झाल्यावर लवकर सावरतं. पंख्याची हवा उघडे पदार्थ सुकवते, म्हणून झाकणं लागतात. केक-पेस्ट्रीसारख्या नाजूक मालाला मंद हवेचा फ्रिज बरा.

कॉम्प्रेसर वर की खाली, यावर भरपूर वाद आहेत. खाली असला तर त्याला जमिनीजवळची तुलनेने थंड हवा मिळते, सफाईला शिडी लागत नाही आणि सर्वांत खालचा कप्पा थोडा वर येत असल्याने कमी वाकावं लागतं. तोटा असा की तो जमिनीवरची धूळ आणि पीठ ओढून घेतो. वर असला तर आत जागा जास्त मिळते आणि पिठाच्या धुळीपासून सुटका होते, पण छताजवळची गरम, तेलकट हवा त्याच्या वाट्याला येते. माझ्या मते गरम किचनला खालचा आणि बेकरीला वरचा. कुठलाही घ्या, कंडेन्सरची जाळी समोरून, स्क्रू न खोलता साफ करता यायला हवी. जी जाळी काढायला मेकॅनिक बोलवावा लागतो ती कुणीही साफ करत नाही, आणि तेलकट धुळीने बुजलेली जाळी हे थंडावा कमी होण्याचं नेहमीचं कारण आहे.

बर्फ वितळवण्याची सोय आपोआप हवी. फ्रीझरमध्ये ती हीटरने किंवा गरम गॅसने होते. वितळलेलं पाणी कुठे जातं हेही विचारा. तळाच्या ट्रेमध्ये आपोआप वाफ होऊन गेलं तर वेगळा ड्रेन पाइप लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी विचारायचं फार थोड्यांना सुचतं. व्हिनेगर, लिंबू, आंबवलेले पदार्थ यांची वाफ तांब्याच्या कॉइलला हळूहळू खाते आणि तिला बारीक भोकं पडून आतला थंडावा देणारा गॅस गळून जातो. तुमच्या किचनमध्ये असे पदार्थ जास्त असतील तर कॉइलवर इपॉक्सीचा लेप असलेला फ्रिज मागा आणि डबे झाकून ठेवा.

७. दार, रबर, पत्रा

दार सोडलं की आपोआप बंद व्हावं, आणि ९० अंशांच्या पुढे उघडल्यावर तसंच उभं राहावं, म्हणजे माल भरताना कोपराने अडवायला नको. काचेच्या दारातून माल दिसतो म्हणून उघडझाप कमी होते, पण काचेतून उष्णता जास्त आत येते आणि दमट हवेत ती घामाळू नये म्हणून बहुतेक वेळा चौकटीत हीटर असतो, तोही वीज खातो. मागच्या किचनला भरीव दारच बरं. उंच फ्रिजला दोन अर्धी दारं असली तर एका वेळी निम्माच थंडावा सांडतो.

दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी पुरते. दारात पट्टी अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथून हवा गळते. चारही बाजूंनी, खास करून बिजागराकडच्या कोपऱ्यांत, करून बघा. रबर खाचेत दाबून बसवायचं असावं, म्हणजे हत्यारांशिवाय काढून धुता येतं आणि फाटलं तर पाच मिनिटांत बदलता येतं.

स्टेनलेस स्टीलचा पत्रा ३०४ दर्जाचा असावा, निदान आतून. मीठ आणि आंबट पदार्थ यांच्यापुढे तो चांगला टिकतो. ४३० स्वस्त असतो आणि बाहेरच्या बाजूला चालून जातो. बरेच जण चुंबक लावून बघतात, पण ती परीक्षा अर्धवट आहे. ४३० ला चुंबक चिकटतो हे खरं, पण २०१ या हलक्या दर्जाच्या स्टीलला तो ३०४ सारखाच चिकटत नाही. म्हणून दर्जा बिलावर किंवा कोटेशनवर लेखी घ्या. भिंतीतल्या फोमची जाडी विचारा; फ्रिजला निदान ५० मिमी, फ्रीझरला त्याहून जास्त. आतले कोपरे गोलाकार असले तर सफाई नीट होते.

८. गॅस

पाटीवर थंडावा देणाऱ्या गॅसचं नाव आणि वजन असतं. आज नवीन घेताना आर-२९० म्हणजे प्रोपेन, किंवा छोट्या यंत्रात आर-६००ए बघावा. त्यांचा तापमानवाढीचा निर्देशांक (कार्बन डायऑक्साइडचा १ धरून) सुमारे ३ आहे. जुन्या आर-१३४ए चा १,४३० आणि आर-४०४ए चा ३,९०० च्या वर. मॉन्ट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर असे जास्त निर्देशांकाचे गॅस जगभर टप्प्याटप्प्याने कमी होत आहेत, त्यामुळे पुढे ते महाग आणि दुर्मीळ होत जाणार. प्रोपेन पेटतो हे खरं. पण यंत्रात तो मोजक्या ग्रॅममध्येच असतो. काळजी दुरुस्तीच्या वेळी घ्यायची. त्यासाठी प्रशिक्षित मेकॅनिक तुमच्या भागात आहे का, हे खरेदीआधी शोधा. बर्फ सुरीने खरवडून काढायला तर कुठल्याच फ्रिजात जाऊ नका.

९. वीज

व्होल्टेज आणि हर्ट्झ, दोन्ही तुमच्या जोडणीशी जुळायला हवेत. बाहेरून आणलेला ६० हर्ट्झचा फ्रिज ५० हर्ट्झवर नीट चालेल असं गृहीत धरू नका. प्रत्येक मोठ्या फ्रिजला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग द्या. कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. एक्स्टेंशन बोर्डवर तो लावला की वायर तापते आणि कॉम्प्रेसरही जळू शकतो. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर घ्या, आणि वीज आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून सुरू करणारी सोय त्यात असू द्या.

दोन मॉडेलची तुलना करताना चोवीस तासांचा वापर युनिटमध्ये विचारा, आणि तो कुठल्या हवामान वर्गात मोजला हेही. समजा एक ४ युनिट घेतो आणि दुसरा ७. वर्षाला फरक १,०९५ युनिटचा. आपल्या दराने गुणा आणि त्याला फ्रिजच्या अपेक्षित वर्षांनी गुणा. स्वस्त वाटणारा फ्रिज बऱ्याचदा इथे महाग निघतो. शिवाय जाळलेलं प्रत्येक युनिट उष्णता होऊन तुमच्याच किचनमध्ये बाहेर पडतं. फारच कोंदट जागा असेल तर कॉम्प्रेसर बाहेर ठेवता येणारं मॉडेल बघा.

१०. टेप घेऊन दारापासून जागेपर्यंत चाला

मुख्य दार, पॅसेज, वळणं, लिफ्ट आणि किचनचं दार, सगळ्यांची रुंदी लिहून घ्या. जागेवर मोजताना दार पूर्ण उघडल्यावर वाटेत येतं का, तेही बघा. मागे, वर आणि बाजूला किती मोकळी जागा सोडायची हे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेवढी सोडाच. काउंटरमध्ये चारही बाजूंनी बंद करून बसवायचा असेल तर समोरून हवा घेणारं आणि समोरूनच सोडणारं मॉडेल लागतं. फ्रायर किंवा ओव्हनला चिकटून कुठलाच फ्रिज ठेवू नका.

एक माप हमखास राहून जातं. फ्रिज आडवा करून आत आणला तर तो उभा करताना त्याचा तिरका कोपरा छताकडे जातो. उंची २,०५० मिमी आणि खोली ८०० मिमी असेल तर उभा करताना २,२०० मिमी उंची लागते. छत पुरेसं असलं तरी चिमणीचा डक्ट आणि पाइप आड येतात, म्हणून उभा करण्याची जागा आधीच ठरवा. खाली १५० मिमीचे पाय किंवा ब्रेकवाली चाकं असली की जमीन पुसता येते.

११. जुना घ्यायचा असेल तर

चालू अवस्थेत, निदान काही तास आधीपासून सुरू असलेलाच बघा. बाहेरच्या भिंतीला हात लावा. एखाद्याच जागी थंड लागत असेल किंवा पाणी सुटलेलं असेल तर तिथला फोम ओला होऊन वाया गेलाय, आणि ते दुरुस्त होत नाही. कॉइलवर बर्फ सारखा पसरलेला हवा. एकाच टोकाला जमला असेल तर गॅस कमी असू शकतो. आर-४०४ए चा जुना फ्रिज कितीही स्वस्त मिळाला तरी मी टाळेन.

१२. पैसे देण्याआधी विचारायचं

कॉम्प्रेसरची वॉरंटी किती आणि बाकी भागांची किती? कॉम्प्रेसरला पाच वर्षं मिळतात म्हणून खूश होऊ नका. पंखा, कंट्रोलर आणि सेन्सर आधी जातात. मजुरी आणि गॅस धरले आहेत का? तक्रार दिल्यावर मेकॅनिक किती तासांत येतो, सुट्टीच्या दिवशीही येतो का? सुटे भाग कुठे मिळतात? ही उत्तरं लेखी घ्या आणि तेच मॉडेल वापरणाऱ्या एखाद्या किचनवाल्याला फोन करून पडताळा. सेवा दुबळी असलेल्या चांगल्या यंत्रापेक्षा, त्याच दिवशी माणूस पाठवणाऱ्याचं साधं यंत्र मी घेईन.

१३. फ्रिज आल्यावरचे पहिले दोन दिवस

पावतीवर सही करण्याआधी खोका उघडा, पोचे आणि ओरखडे यांचे फोटो काढा, पाटीवरचं मॉडेल, वर्ग, गॅस आणि व्होल्टेज कोटेशनशी ताडून बघा. वाहतुकीत आडवा झाला असेल तर कॉम्प्रेसरचं तेल परत खाली यायला एक दिवस उभा ठेवून मगच सुरू करा. पातळी काढा; वाकडा उभा असेल तर दार आपोआप लागत नाही.

मग रिकामाच चोवीस तास चालवा. वर, मध्ये आणि खाली एकेक पेला पाणी ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा. दारावरचा डिजिटल आकडा आतल्या एकाच जागेच्या हवेचा असतो. पेल्यातलं पाणी मात्र अन्नासारखं वागतं, त्यामुळे खरं तापमान त्यातून कळतं. तिन्ही पेले ५ च्या खाली असावेत आणि त्यांच्यात फार फरक नसावा. दुसऱ्या दिवशी थंड माल भरून, ऐन सर्व्हिसमध्ये, दर अर्ध्या तासाने वाचन लिहा. दार उघडझापीत हवेचा आकडा थोडा वर जाऊन लवकर खाली आला तर ठीक. पेल्यातलं पाणी ५ च्या वर चढत असेल तर आधी जाळी, रबर आणि मागची मोकळी जागा तपासा, आणि तरीही फरक पडला नाही तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा. शेवटचा हप्ता या चाचणीनंतर द्यायचा, असं खरेदीच्या वेळीच ठरवून ठेवलेलं बरं.

त्याच आठवड्यात एक कागद दारावर लावा: सकाळ-संध्याकाळचं तापमान, जाळी साफ केल्याची तारीख (तेलकट किचनमध्ये निदान महिन्यातून एकदा), रबर पुसल्याची तारीख, आणि वीज गेली तर काय करायचं. बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. वीज गेल्याची वेळ त्याच कागदावर लिहायची आणि दार उघडायचं नाही, हे रात्रपाळीच्या माणसालाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.